भारतीय वायुदलातल्या कोणत्या लढाऊ वैमानिकाबद्दल लोकांना आणखी माहिती असायला हवी, आणि का?

निर्मलजीतसिंग सेखोंचं नाव बाकीच्या उत्तरांत येईलच, यायलाच हवं. वायुदलाचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. मी मात्र स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्यांचं नाव घेईन. कारण त्यांनी काय केलं हे आपल्याला आपल्या कागदपत्रांतून कळलंच नाही, ते कळलं पाकिस्तानच्या बाजूने.

देवय्या मूळचे कर्नाटकातल्या कोडगूचे. लष्करप्रमुख करिअप्पा आणि थिमय्या ज्या मातीतले, तिथलेच. जन्म 1932 चा, वायुदलात दाखल झाले 1954 मध्ये. 1965 चं युद्ध पेटलं तेव्हा ते फ्लाइंग कॉलेजात नवशिक्यांना विमान चालवायला शिकवत होते. थोडक्यात, मास्तर माणूस. युद्धासाठी त्यांना पंजाबातल्या आदमपूरला, एक नंबरच्या 'टायगर्स' स्क्वाड्रनमध्ये धाडलं गेलं. ही स्क्वाड्रन मिस्टेअर ही फ्रेंच बनावटीची विमानं उडवायची.

7 सप्टेंबरच्या पहाटे सरगोध्यावर हल्ला करायचं ठरलं. पाकिस्तानी हवाई दलाचा हा सर्वांत महत्त्वाचा तळ, आणि आदमपूरहून तिथे जाऊन परत येणं म्हणजे मिस्टेअरच्या इंधनाची अगदी शेवटची मर्यादा. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजांकडे होतं. बारा विमानांच्या यादीत देवय्या नव्हते, ते राखीव होते. कुणी ऐनवेळी गळलं तरच त्यांनी जायचं होतं. शेवटी ते गेले, आणि परत आले नाहीत. अंधुक उजेड, जमिनीलगतचं उड्डाण आणि रेडिओवर मौन. मागे काय घडलं ते पुढच्या कुणी पाहिलं नाही. 'बेपत्ता' अशी नोंद झाली आणि विषय तिथेच थांबला.

घडलं होतं ते असं. फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या स्टारफायटरने त्यांना गाठलं. स्टारफायटर म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाचं अमेरिकन विमान, तर मिस्टेअरला सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठता येत नाही. अमजदचं क्षेपणास्त्र चुकलं, पण तोफेचा मारा लागला. हे विमान संपलं असं समजून ते पुढे निघाले, आणि जखमी मिस्टेअर वळून त्यांच्याच अंगावर आलं.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, नाहीतर हे चमत्कारासारखं वाटेल. स्टारफायटरचे पंख अगदी आखूड. सरळ पळायला उत्तम, पण जमिनीलगत, कमी वेगात त्याला वळायला फार जागा लागते. घाटात नागमोडी वळणांवर लांबलचक ट्रेलरची जी गत होते, तीच. मिस्टेअर लहान घेरात वळायचं. पळून सुटणं शक्यच नव्हतं, त्यामुळे शत्रूला वळणांच्या लढाईत ओढणं ही एकच गोष्ट देवय्यांच्या हातात होती. आणि हे ते करत होते फुटलेल्या विमानात, घरी पोचण्याइतकं इंधन उरण्याची शक्यता नसताना! त्यांनी स्टारफायटर पाडलं. अमजद उडी मारून वाचले. देवय्या तिथेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. गावकऱ्यांनी त्यांना तिथल्याच शेतात पुरलं.

पुढचं नाट्य मला याहून विलक्षण वाटतं. हेच अमजद 1971 मध्ये अमृतसरवरच्या हल्ल्यात पाडले गेले आणि भारताचे युद्धकैदी झाले. कोडं सोडवू शकणारा माणूस काही काळ आपल्याच ताब्यात होता! तरी आणखी बरीच वर्षं गेली. 1979 मध्ये एका इंग्रज लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या नोंदी पाहून त्या युद्धाचा इतिहास लिहिला, त्यात एका मिस्टेअरने स्टारफायटर पाडल्याचा उल्लेख आला. टायगर्सचं त्या पहाटे न परतलेलं विमान एकच होतं, त्यामुळे वैमानिक कोण हे उघड होतं. निवृत्त तनेजांनी हा विषय लावून धरला आणि 1988 मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. ते त्यांच्या पत्नी सुंदरी यांनी स्वीकारलं. तेवीस वर्षांनी!

माझं स्पष्ट मत आहे की ही दिरंगाई आपल्याला शोभत नाही. आपल्याकडे युद्धाचा इतिहास वेळेवर लिहिलाच जात नाही, मग दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत आपली माणसं शोधावी लागतात. कोडगूतल्या मडिकेरीला गेलात तर बसस्थानकाजवळच्या चौकात देवय्यांचा पुतळा दिसेल. तोही 2020 मध्ये उभा राहिला.