टोपी फुटली नाही तर आधी तिच्यावरचा खड्डा बघा

राम राम मंडळी. या महिन्यात आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच तक्रारीची आहेत, चाप ओढला, टक् असा आवाज आला आणि गोळी गेलीच नाही. कोणाची रायफल जुनी, कोणाची काडतुसं जुनी, पण तक्रार तीच. म्हणून यावेळचं सदर सगळं टोपीवर, म्हणजे काडतुसाच्या बुडात बसून दारू पेटवणाऱ्या प्रायमरवर. आपल्या खान्देशात वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे, भुसावळ परिसरात त्या कामात आयुष्य घातलेली माणसं घरोघरी सापडतील, त्यामुळे या विषयावर इथला वाचक बारीक प्रश्न विचारतो आणि मला उत्तर द्यायला बरं वाटतं.

प्रश्न : आप्पा, राम राम. मी मूळचा चोपड्याचा, नोकरीमुळे बारा वर्षं झाली टेक्सासला आहे, अंक आई पाठवते. इथे एक जुनी स्वीडिश मावझर घेतली, 6.5×55 ची, टार्गेटसाठी बनवलेली. काडतुसं मी स्वतः भरतो. गेल्या रविवारी 50 पैकी 7 पहिल्या ठोक्याला फुटली नाहीत. त्यातली 5 दुसऱ्या ठोक्याला फुटली, 2 शेवटपर्यंत नाहीच. प्रायमरची पेटी नवी कोरी होती. पेटी खराब निघाली असं समजू का?

भाऊ, पेटीला एवढ्यात दोष देऊ नका. नव्या पेटीतला प्रायमर मुळातच मेलेला निघणं फार क्वचित होतं, आणि पन्नासात सात तर नाहीच.

उत्तराआधी इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट. हे गृहस्थ जिथे राहतात तिथे काडतूस घरी भरणं कायद्यात बसतं, आपल्याकडे लायसन्सशिवाय बसत नाही. शस्त्र कायदा 1959 मध्ये काडतुसाच्या व्याख्येतच काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रं धरलेली आहेत, म्हणजे नुसते प्रायमर आणि भरायचा प्रेस घरात सापडला तरी प्रकरण काडतुसाचंच होतं. तेव्हा हे वाचून कोणी ऑनलाइन प्रेस मागवू नका.

आता तुमची सात काडतुसं. ती 5 आणि ती 2 हे वेगवेगळे आजार आहेत, एका औषधाने बरे होणार नाहीत.

आधी ती पाच घेऊ. प्रायमर म्हणजे छोटी धातूची वाटी, आत स्फोटक मसाल्याचा पातळ थर, आणि त्या मसाल्यासमोर एक टोकदार पत्रा, त्याला अॅनव्हिल म्हणतात, ऐरणच समजा. चाप ओढला की रायफलीची पिन वाटीवर आदळते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतो आणि पेटतो. पण ऐरणीचे पाय खाली पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, तळाला घट्ट टेकलेले असले तरच हे होतं. खलबत्ता गादीवर ठेवून ठेचा कुटायला घेतला तर काय होईल, दणका सगळा गादी खाईल आणि मिरची तशीच राहील, तसंच अधांतरी बसलेल्या प्रायमरचं होतं, पहिला ठोका त्याला खाली ढकलण्यातच संपतो, आता तो नीट बसला, मग दुसऱ्या ठोक्याला फुटतो. दुसऱ्या ठोक्याला फुटलेलं काडतूस दिसलं की शंभरातली नव्वद वेळा मी हेच धरतो, प्रायमर पूर्ण बसवलेला नव्हता.

तो पूर्ण बसला नाही याची कारणं बघा. पहिलं म्हणजे पुंगळीच्या खाचेत, प्रायमर बसतो त्या जागेत, आधीच्या फायरची काजळी साचून कडक थर झालेला असतो, ती ब्रशने खरवडून काढायची. दुसरं, पुंगळी मिलिटरीची असेल तर खाचेच्या काठाला प्रायमर पकडून ठेवणारी घडी मारलेली असते, क्रिंप म्हणतात, ती आधी काढावी लागते, नाहीतर नवा प्रायमर वाकडा घुसतो किंवा वरच अडकतो. आणि तिसरं, आमच्याकडे अहिराणीत म्हणतात तसं, घाई कसाले करस भाऊ. प्रेसचं हँडल दाबताना प्रायमर तळाला टेकल्याचं हाताला कळतं, एक बारीकसा ठाम थांबा येतो, तो आल्याशिवाय हात सोडायचा नाही.

तपासायला महागडं काही लागत नाही. प्रायमर बसवल्यावर पुंगळीच्या बुडावरून बोटाचं टोक फिरवा. मधे किंचित खळगा लागला पाहिजे. मोजमापात सांगायचं तर 0.003 ते 0.005 इंच खाली, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, केसाच्या जाडीपेक्षा जरासं जास्त. बोटाला उंचवटा लागला तर ते काडतूस बाजूला. हे काम दारू भरायच्या आधी करायचं, प्रत्येक पुंगळीला करायचं, आणि भरलेल्या काडतुसाचा वर राहिलेला प्रायमर ठोकून किंवा दाबून खाली बसवायचा प्रयत्न चुकूनही करायचा नाही. त्याची गोळी ओढून काढा, दारू काढा, आणि नुसता प्रायमर असलेली रिकामी पुंगळी रेंजवर रायफलीत घालून फोडून टाका.

आता ती न फुटलेली दोन. त्यांच्या प्रायमरवरचा पिनचा खड्डा भिंगातून बघा आणि कंपनीच्या फुटलेल्या काडतुसाचा खड्डा शेजारी ठेवा. माझा अंदाज, तुमचा खड्डा उथळ असणार. मग दोष रायफलीत किंवा पुंगळीच्या मापात.

रायफलीत असेल तर सगळ्यात आधी बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा आणि पिन पोटात असलेला भाग, उघडा. या जुन्या लष्करी रायफली साठवताना ग्रीसमध्ये बुडवून ठेवायचे, ते ग्रीस बोल्टच्या आत वर्षानुवर्षं राहून गुळाच्या काकवीसारखं चिकट होतं आणि पिन त्यातून हळू सरकते. थंडीत तर अजून. सॉल्व्हंटने धुवा, पुसून कोरडं करा, तेल लावायचंच तर कापडाला लागलेलं तेवढंच. स्प्रिंग बदलायची घाई नको, मी बघितलेल्या बऱ्याच रायफली नुसत्या धुण्यानेच सुधारल्या. धुऊनही खड्डा उथळ राहिला तर मग स्प्रिंग बदला आणि पिनचं टोक किती बाहेर येतं ते गनस्मिथकडून मोजून घ्या.

पुंगळीचं माप ही गोष्ट लोक विसरतात. तुमच्या काडतुसाला रिम म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड नाही, ते चेंबरमध्ये, नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, खांद्यावर म्हणजे पुंगळी निमुळती होते त्या शोल्डरवर टेकतं. वापरलेली पुंगळी परत मापात दाबणारा साचा म्हणजे डाय, ती जास्त खाली घेऊन साइझिंग केलं की खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो, काडतूस चेंबरमध्ये ढिलं बसतं, पिन आदळली की अख्खं काडतूसच पुढे सरकतं आणि ठोक्याची ताकद तिथेच जाते. यात न फुटण्यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे, अशी पुंगळी दरवेळी ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर गोल चकचकीत रेघ दिसायला लागते. ती रेघ दिसली की पुंगळी भंगारात. उद्या ती तिथूनच तुटून गरम गॅस तुमच्या चेहऱ्याकडे येईल. डाय थोडी वर घ्या, खांदा फक्त नावापुरता मागे जाऊ द्या.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी कंपनीची वीस काडतुसं मारून बघा, ती सगळी फुटली तर रायफल निर्दोष. वाटल्यास प्रायमरचा ब्रँड बदलून बघा, काहींची वाटी मऊ असते काहींची कडक, फेडरलचे मऊ म्हणून ओळखले जातात, पण ब्रँड बदलला की दारूचं वजन पुन्हा खालून सुरू करून वर न्यायचं, जुनंच वजन ठेवायचं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण पत्रासोबतच्या फोटोत मागे काचेची बरणी दिसली, त्यात सुटे प्रायमर ओतून ठेवलेत. भाऊ, आजच्या आज ते बंद करा. कंपनी प्रत्येक प्रायमर ट्रेमध्ये वेगळ्या खणात ठेवते ते उगाच नाही. सुटे एकत्र असले की एक फुटला तर सगळे एकदम फुटतात आणि काच चहूकडे उडते. ते परत ट्रेमध्ये जाणार नाहीत, तेव्हा तिथल्या रेंजवाल्यांना विचारून व्यवस्थित निकाल लावा. बाकीच्या उत्तराआधी हे काम करा.

प्रश्न : नमस्कार सर, मी जळगावला बीएस्सीला आहे, .22 प्रोन म्हणजे पालथं झोपून शूटिंग करते. क्लबची रायफल खूप जुनी आहे, दर मॅचला दोन-तीन गोळ्या मिस होतात, म्हणजे फुटतच नाहीत. सगळे म्हणतात अॅम्युनिशन बदल. खरंच तेवढंच असेल का?

ताई, 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं तेव्हापासून आपल्याकडची बरीच मुलं .22 कडे वळलीत, पण क्लबच्या रायफली तुमच्या आईवडिलांच्या वयाच्या आहेत हे खरं. .22 मध्ये वेगळी टोपी नसते, मसाला बुडाच्या कडेत म्हणजे रिममध्ये फिरवून बसवलेला असतो, म्हणून तिला रिमफायर म्हणायचं, आणि म्हणूनच ती पुन्हा भरून वापरता येत नाही. कधीकधी कडेच्या एखाद्या भागात मसाला कमी पोचतो आणि पिन नेमकी तिथे पडते. पण दर मॅचला दोन-तीन म्हणजे जास्त झालं.

न फुटलेल्या गोळ्या फेकू नका, प्रशिक्षकांना दाखवा. त्यांच्याकडून त्याच गोळ्या अर्धा वळसा फिरवून पुन्हा लावून बघा. खड्डा खोल असून फुटली नव्हती आणि फिरवल्यावर फुटली तर गोळीचा दोष. खड्डा उथळ असेल तर बोल्टमधली घाण, थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेली पिन. अजून एक जागा बघायला सांगा, चेंबरच्या तोंडाची कड. रिकाम्या .22 रायफलीचा चाप ओढत राहायची सवय क्लबमध्ये असते, काही रायफलींमध्ये पिन सरळ चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते, मग गोळीची रिम त्या खाचेवर अधांतरी राहते. त्याच खलबत्त्याची गोष्ट. हे काम आर्मररचं म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं, तुम्ही पिन घासायला बसू नका.

आणि मिस झाली की लगेच बोल्ट उघडायचा नाही. नळी टार्गेटकडेच, निदान 30 सेकंद मोजा, हळू मोजा. मसाला कधीकधी उशिरा पेटतो. मॅचमधला वेळ जातो हे मला माहीत आहे, जाऊ द्या.

प्रश्न : शहाद्याजवळ शेती आहे. आजोबांची टोपीची बंदूक लायसन्सवर आहे, रानडुकरांसाठी. टोप्या मिळत नाहीत. गावात एक जण म्हणतो घरी बनवून देतो. चालेल का?

नाही दादा. कायद्याने तर नाहीच, पण कायदा बाजूला ठेवला तरी नाही. टोपीतला मसाला ठोक्याने पेटावा म्हणूनच बनवलेला असतो, तो हातात, खिशात, कुटताना, चाळताना कुठेही पेटतो. माझ्या ओळखीतल्या एका माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली, केळीच्या बागेत काम करायचा, आता कोयता धरता येत नाही. लायसन्स घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत जा, अधिकृत दुकानदाराचं नाव तिथून घ्या. तोवर डुकरांसाठी कुंपण आणि राखण.

प्रश्न : वडील फौजेत होते, धुळ्याला असतो आम्ही. ते सांगायचे की फायरिंग झालं की .303 रायफलीच्या नळीत उकळतं पाणी ओतायचे. लोखंडात पाणी ओतलं तर गंजणार नाही का? आम्हा भावांचा यावर वाद आहे.

वडील बरोबर सांगत होते. त्या काळच्या प्रायमरच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, हे एक मीठच, आपल्या जेवणातल्या मिठाचं भावंड. ते नळीत बसतं आणि हवेतला ओलावा ओढतं. आपल्याकडे मे महिन्यात धुळ्याच्या कोरड्या उन्हात काही होणार नाही, पण मृगाचा पहिला पाऊस पडला की लोणच्याच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणासारखी नळी आतून लाल. नुसतं तेल लावून भागत नाही कारण मीठ तेलात विरघळत नाही, तेलाखाली बसून राहतं. पाण्यात विरघळतं. म्हणून आधी पाणी, आणि उकळतं अशासाठी की नळी तापते आणि नंतर स्वतःच पटकन वाळते. मग कोरडा चिंधीचा बोळा, मग तेल. पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा बोळा फिरवून बघायचा, लालसर आला तर परत पाणी.

आजच्या बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट असतं, त्याचं मीठ होत नाही, त्यामुळे ती पद्धत मागे पडली. पण कोणाच्या लायसन्सच्या रायफलीसोबत जुन्या लष्करी काडतुसांचा साठा आला असेल तर त्यांचा मसाला जुनाच आहे असं धरून चाला आणि वडिलांसारखी किटली चुलीवर ठेवा.