पहिल्यांदाच बोर्डीला जाताय?

भावा, लग्नानंतरची पहिली ट्रिप ना, मग गोवा राहू दे, नाशिकहून त्र्यंबक-जव्हार-डहाणू करत सरळ डहाणूजवळचं समुद्रकाठचं बोर्डी गाव गाठ. नवखे सगळे एकच चूक करतात, दोन दिवसांत दमण, उदवाडा सगळं कोंबतात आणि बायको गाडीतच झोपून जाते (आमचंही तेच झालं, अजून ऐकतोय). दोन रात्री, एकच मुक्काम, बास.

- शनिवार-रविवार टाळ.
- भरती-ओहोटीची वेळ बघ, ओहोटीला पाणी लांब आत जातं.
- अर्धा दिवस वारली चित्रांना दे. पद्मश्री वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे डहाणूजवळच्या गंजाडलाच राहायचे. चित्र घ्यायचं तर थेट चितारणाऱ्याकडून, आणि घासाघीस नको यार, एकेक ठिपका हाताने काढलेला असतो.

येताना घोलवडचे चिकू, पण कडक बघून घे, पिकलेले घाटात चेपतात.