वाचलेलं कळतं, मग ऐकलेलं का नाही?

परदेशी भाषा शिकणारी मुलं ही तक्रार हमखास घेऊन येतात. दिंडोरीकडची एक मुलगी (ओळख बदलली आहे) नर्सिंग करून जर्मनीला जायच्या तयारीत होती. नाशिकच्या कॉलेज रोडला क्लास, बी-वनची (जर्मनच्या मधल्या पातळीची) परीक्षा तोंडावर. "मॅडम, माझ्या कानातच दोष असेल का?" कान तपासून झाले होते, ठणठणीत होते. घरचे म्हणत होते, झेपत नसेल तर सोड.

मी तिला ऐकण्याच्या सराव चाचण्यांच्या मार्कांपुढे विषय लिहायला लावले. दवाखान्यातलं संभाषण जवळपास सगळं बरोबर. सुपरमार्केटात रिकाम्या बाटल्या परत करण्याचं जवळपास सगळं चूक. त्यातले शब्द तिला येत होते हो! पण तिकडे एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली मशीनमध्ये टाकली की अनामत परत मिळते, हे तिच्या गावीही नव्हतं. आपल्याकडे बाटल्या भंगारवाला नेतो. रेकॉर्डिंगमधला माणूस मशीनपाशी करतोय काय, या विचारातच ते संपलं.

ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली कपडे धुण्यावरचा एक उतारा, कपड्यांचं नावही न घेता, अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्यांनाच ऐकवला. विषय आधी सांगितला त्यांना तो कळला आणि जास्त आठवला. ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांना काही उपयोग झाला नाही. स्वतःच्या भाषेत ही गत!

ओळखीचा विषयही दगा देतो. द्राक्षमळ्यावरच्या रेकॉर्डिंगमध्ये 'ऑक्टोबर' ऐकू आल्याबरोबर तिने 'छाटणी'वर खूण केली. "आमच्याकडे ऑक्टोबरात छाटणीच असते ना!" जर्मनीत तेव्हा काढणी चालू असते. बागायतदाराची लेक, पुढचं ऐकतेय कशाला?

आता रेकॉर्डिंगआधी ती प्रश्न वाचते आणि काय बोलणं होईल ते मराठीतच स्वतःला सांगते. विषय ओळखीचा असला तर महिने, आकडे आणि 'नाही' यांवर कान ठेवते. शब्दच कमी पडत असतील तर एवढ्याने भागत नाही, हेही तिला सांगितलंय. मार्कांचा तक्ता पाहिल्यावर घरच्यांचा 'सोड' थांबला. सध्या तिचं वाचन चाललंय ते घरभाड्याचे करार आणि कचऱ्याचे वेगवेगळे डबे यांवर.