कुक स्टेशनवरचा 'क्रुक' चोर नाही हो!

प्रश्न असा आलाय: ऑस्ट्रेलियात नलारबॉरच्या ओसाड पठारावर कुक नावाचं स्टेशन आहे, ते कॅप्टन कुकवरून का? आणि तिथल्या 'इफ यू आर क्रुक, कम टू कुक' या बोर्डाचा अर्थ 'चोर असाल तर कुकला या' असाच ना?

दोन्ही नाही! पहिलं पटकन उरकतो. हा कुक म्हणजे जोसेफ कुक, १९१३-१४ मधला पंतप्रधान. १९१७ साली पूर्ण झालेल्या त्या लाइनवर बार्टन, डीकिन, वॉटसन, रीड, फिशर, ह्यूज अशी पंतप्रधानांची रांगच आहे, दिसला कुक की लगेच कॅप्टन हा आळस झाला.

आता बोर्ड. 'चोर असाल तर' हे भाषांतर इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. अहो, ऑस्ट्रेलियन बोलीत क्रुक म्हणजे आजारी! गावात रेल्वेवाल्यांसाठी हॉस्पिटल होतं, पेशंट मिळेनात, म्हणून ही गंमत. जोडीला 'आमच्या हॉस्पिटलला मदत हवी, आजारी पडा' असंही लिहिलेलं. रूळ ४७८ किलोमीटर नाकासमोर सरळ, जगातला सगळ्यात लांब सरळ पट्टा, आणि त्यावरच्या गावाची ओळख काय तर 'वाकडा'!

कारण क्रुक मुळात तेच, जुन्या नॉर्स भाषेतला 'क्रोक्र' म्हणजे आकडा, हूक, धनगराची वाकडी काठी ती क्रुकच. इंग्रजीत वाकड्या चालीचा माणूस चोर झाला, ऑस्ट्रेलियात वाकडं म्हणजे वाईट, बिघडलेलं आणि मग तब्येत बिघडलेला. यात नवल कसलं, आपण नाही का म्हणत 'त्याचं काही वाकडं झालं तर', 'केसही वाकडा होणार नाही'? आणि 'वाकडी वाट धरली' म्हटलं की चोरही आलाच. वक्रचं वाकडं झालेला एक शब्द, दोन्हीकडे पुरून उरतो. मला तर हे जुळणं म्हणजे मेजवानी वाटते.

काही पंडित मात्र क्रुकचा संबंध जर्मन 'क्रांक' म्हणजे आजारी याच्याशी लावतात. दोन आवाज जवळ आले की झाली यांची व्युत्पत्ती! बरं, जाऊ द्या, धरू क्रांक. पण तो क्रांक आणि गॅरेजवाल्याचा क्रँक ही एकाच घरातली पोरं, आणि क्रँक म्हणजे वाकवलेला दांडा. म्हणजे जर्मन आजारीसुद्धा मुळात वाकडाच निघाला, आता बोला!

हां, गावाचं राहिलंच. १९९७ मध्ये रेल्वे विकली, माणसं गेली, आता तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वस्ती आणि गाडीला डिझेल-पाणी भरायचा थांबा. हॉस्पिटल बंद, तेव्हा क्रुक असाल तर कुकला जाऊ नका.