पंख्यातली ती इवलीशी डबी

प्रश्न : आमचं साखळीला जुनं कौलारू घर. चवथीच्या तोंडावर वसरीतला पंखा नुसता घूं घूं करायला लागला. मुलाने काठीने पातं ढकललं की फिरायचा. दुकानात म्हणाले, वाइंडिंग जळलं, नवाच घ्या. शेजारच्या वायरमनने मात्र एक छोटी डबी बदलली आणि पंखा पहिल्यासारखा झाला. त्या डबीत असतं काय? आणि रेग्युलेटर दोनवर ठेवला तर वीज वाचते का?

उत्तर : ताई, मुलाने काठी लावली तिथेच अर्धं निदान झालं होतं. मुख्य वाइंडिंग (मोटरीतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळलेला पंखा धक्का देऊन फिरत राहत नाही. धक्क्यावर चालतो म्हणजे आधी ती डबी, म्हणजे कपॅसिटर बघायचा. (स्टार्टिंगचं वाइंडिंग तुटलं तरी असंच होतं.) काठी उलट बाजूने लावली असती तर पंखा उलटाही फिरला असता. आयटीआयमध्ये २६ वर्षं मी वायरमनच्या मुलांना हे आधी करून दाखवायचो, पुस्तक मग उघडायचो.

घरातला करंट सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो. त्याने एका वाइंडिंगमध्ये तयार होणारं चुंबकत्वही नुसतं पुढे-मागेच होतं. जात्याचा खुंटा सरळ रेषेत पुढे-मागे ढकलून बघा, जातं फिरणार नाही. आडवाही जोर लागतो, आणि तोही एकाच क्षणी नाही, जरा आधी. पंख्यात दुसरं, म्हणजे स्टार्टिंगचं वाइंडिंग हा आडवा जोर देतं, आणि त्याचा करंट वेळेत पुढे सरकवण्याचं काम कपॅसिटरचं.

डबी फोडली तर आत धातूचा पातळ लेप दिलेली प्लास्टिकची फिल्म गुंडाळलेली दिसेल. फिल्मला बारीक छिद्र पडलं की भोवतीचा लेप उडून जातो. डबी वाचते, पण वीज साठवायची क्षमता थोडी घटते. वर्षानुवर्षं असं होत गेलं की पंखा मंदावतो. आपण म्हणतो, व्होल्टेज कमी आहे.

डबीवर बहुतेक २.५ मायक्रोफॅरड (हे त्या क्षमतेचं माप) आणि ४४० व्होल्ट छापलेलं असतं. वीज २३० व्होल्टची, मग ४४० कशाला? कारण मोटरीत कपॅसिटरवर २३० पेक्षा जास्त ताण येतो. जुन्या डबीवरचा आकडा वाचूनच नवी घ्या. जोरात फिरावा म्हणून मोठी बसवणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, वाइंडिंग तापून खरंच जळेल. आणि हात लावण्याआधी मेन स्विच बंद. तरीही डबीत वीज साठून राहिलेली असू शकते, म्हणून हे काम मुलावर सोपवू नका.

आता रेग्युलेटर. तुमचा जर जुना मोठा, हाताला गरम लागणारा खोका असेल तर त्यात रेझिस्टन्सची तार आहे. पंख्याची वाचवलेली बरीचशी वीज ती तार तापण्यात घालवते, बिल फारसं उतरत नाही. खटखट वाजणारा पायऱ्यांचा नवा रेग्युलेटर तापत नाही, दोनवर वीज खरोखर वाचते. तो उघडून बघितलात तर आतल्या वस्तू ओळखीच्या वाटतील. तिथेही कपॅसिटरच असतात.