नव्या टेक्नो डीजेच्या तिन्ही ईपी ऐकल्या, सगळे ट्रॅक सारखेच वाटतात. माझं काही चुकतंय का?

भावा, आधी हे सांग, ऐकतोयस कशावर? तू लिहिलंयस की तीन ईपी (म्हणजे चार-पाच ट्रॅकचे छोटे अल्बम) लागोपाठ आल्यात, हॉस्टेलची पोरं लई भारी म्हणतात आणि तुला मात्र नुसतं सहा-सहा मिनिटं धप धप ऐकू येतं. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत असशील तर धपसुद्धा धड येत नसणार, कारण खालचा बेस त्यातून निघतच नाही, उरते ती टिकटिक. साधा वायरवाला हेडफोन घे, अर्धं काम तिथंच होईल.

दुसरं म्हणजे, राग मानू नको, पण हे ट्रॅक तुझ्यामाझ्यासाठी बनवलेलेच नसतात, ते दुसऱ्या डीजेला वाजवायला बनवलेले असतात. सुरुवातीला नुसती किक (ड्रमची ती धप धप) आणि हायहॅट (झांजेची टिकटिक) चालू असते ना, आपण कंटाळून पुढं ढकलतो तो भाग, ती जागा मुद्दाम सोडलेली असते, आधीचा ट्रॅक चालू असतानाच हा खालून सरकवता यावा म्हणून. एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ३२ बार बरोबर एका मिनिटात संपतात, आणि त्या मिनिटातच डीजेचा सगळा खेळ असतो. म्हणून नुसत्या ईपीवरून ठरवू नको, त्या माणसाचा तासाभराचा सेट, म्हणजे एकात एक मिसळून सलग वाजवलेले ट्रॅक, साउंडक्लाउडवर नाहीतर यूट्यूबवर शोध आणि त्यात तोच ट्रॅक पकड. मी एक ट्रॅक असाच वीस सेकंदात बंद केला होता, मग पुण्याला जाताना एसटीत टेंभुर्णीच्या जरा पुढं एका सेटमध्ये तोच आला, आधीच्याचा बेस हळूच काढून घेतला आणि याचा आत आला, अंगावर काटा. शेजारचे आजोबा विचारायला लागले, बरं वाटत नाही का म्हणून.

सारखं वाटण्याचं म्हणशील तर आमच्या काकांचे सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग होते. लहानपणी मला शेडमध्ये नुसता एकच खटखटाट ऐकू यायचा, आणि काका बाहेर चहा पिता पिता म्हणायचे, "तिसऱ्याचा पट्टा सैल झालाय, बघ जा." जाऊन बघितलं की खरंच तिसराच. टेक्नो तसं ऐकायचं. किक सोडून दे, ती हलणार नाहीच, दर आठ-सोळा बारनी काय आलं आणि काय गेलं तेवढं बघ, कधी नुसता क्लॅप (टाळीसारखा आवाज) जातो आणि त्यानं सगळं बदलतं.

नवीन रिलीजसाठी बँडकॅम्पवर, म्हणजे आर्टिस्ट थेट आपली गाणी विकतात त्या साइटवर, आर्टिस्टला फॉलो कर, मेल येतो. विकत घ्यायचंच असेल तर बँडकॅम्प फ्रायडे बघून घे, त्या दिवशी साइट स्वतःचा हिस्सा सोडते, एरवी डिजिटलवर साधारण १५ टक्के कापते. बीटपोर्ट या डीजे लोकांच्या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानात टेक्नोचे दोन कप्पे आहेत, एक पीक टाइमचा (पार्टी ऐन रंगात असतानाचा) दणकेबाज आणि एक रॉ, डीप, हिप्नॉटिकवाला. तुझा माणूस कुठल्या कप्प्यात येतो ते बघ. दुसऱ्यात असेल तर तीनदा ऐकल्याशिवाय मत बनवू नको.

आणि तो "नवीन" आहे म्हणजे खरंच नवीन असेल असं नाही हां. बेल्जियमची टेक्नो डीजे शार्लोट द विट आधी रेव्हिंग जॉर्ज या पुरुषी नावानं वाजवायची, कारण पोरगी म्हटलं की लोक ऐकायच्या आधीच मत बनवतात. नंतर स्वतःच्या नावावर आली आणि २०१९ मध्ये केएनटीएक्सटी हे स्वतःचं लेबल (रेकॉर्ड कंपनी) काढलं. तेव्हा तुझ्या माणसाचं जुनं नाव काही होतं का ते शोध, कच्चं काम तिथं सापडतं आणि ते ऐकलं की आत्ताच्या ईपीत काय सुधारलंय ते आपोआप कळतं. आपल्याकडचं ऐकायचं असेल तर दिल्लीचा डीजे कोहरा आणि त्याचं लेबल किल्ला रेकॉर्ड्स बघ, किंवा जलेबी कार्टेल या ग्रुपमधला अर्जुन वागळे.

घरी मात्र "डीजे ऐकतोय" म्हणू नको. आमच्या आईनं ते ऐकून पहिला प्रश्न विचारला, "कुणाची वरात आहे?"