आरोग्य प्रश्नोत्तरे : भांगेचे झाड आणि औषधाची मात्रा

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ असून तिची केमोथेरपी चालू आहे. प्रत्येक केमोनंतर तीन-चार दिवस उमासे येतात, पेजसुद्धा पोटात ठरत नाही. शेजाऱ्यांनी इंटरनेटवरून मागवलेली ‘विजया अर्का’ची बाटली आणून दिली आहे. रोज किती थेंब द्यावेत? – एक वाचक, लालबाग

उत्तर : विजया म्हणजे भांग. थेंब ठरवण्याआधी बाटलीत नेमके काय आहे, हे पाहावे लागते. भांगेच्या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड द्रव्ये असतात. त्यांपैकी औषध म्हणून दोनांचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. टीएचसी हे झिंग आणणारे द्रव्य. मळमळ कमी होणे, भूक लागणे हे परिणाम मुख्यतः त्याचेच. छातीत धडधड, उठताना भोवळ आणि काहींमध्ये भास किंवा संशय हेही त्याचेच. दुसरे द्रव्य सीबीडी. त्याने झिंग येत नाही, पण केमोच्या उलट्यांवर त्याचा भरवशाचा उपयोगही सिद्ध झालेला नाही. बाटलीवर नुसते ‘अर्क ३००० मिलिग्रॅम’ असे छापलेले असेल आणि त्यात टीएचसी किती, सीबीडी किती याचा उल्लेख नसेल, तर त्या आकड्यावरून मात्रा काढता येत नाही.

आपल्या पत्रात उलट्यांवर सध्या काय चालू आहे, याचा उल्लेख नाही, आणि मला तोच मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑन्डान्सेट्रॉन, अॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि रात्री ओलान्झापिन अशी औषधे योग्य जोडीने दिली, तर बहुतेक रुग्णांच्या उलट्या आटोक्यात येतात. ओलान्झापिनने दिवसभर गुंगी राहते, ही तक्रार खरी आहे. परंतु १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमनेही काम भागते आणि गुंगी कमी येते, असे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. अमेरिकेत ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन या टीएचसीच्या जातीच्या गोळ्यांना १९८५ सालीच मान्यता मिळाली, मात्र नेहमीच्या औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांपुरतीच. तेव्हा पुढच्या केमोपूर्वी आईच्या डॉक्टरांना उलट्यांचा दिवसवार तपशील द्या आणि ती बाटलीही दाखवा. ती लपवून ठेवणे सर्वांत वाईट.

डॉक्टरांनी टीएचसीयुक्त औषध द्यायचे ठरवलेच, तर दोन गोष्टी घरातल्या सर्वांना ठाऊक हव्यात. पोटात घेतलेल्या औषधाचा परिणाम दिसायला एक ते दोन तास लागतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून अर्ध्या तासात दुसरी मात्रा दिली, की दोन्ही एकदम चढतात. शिवाय रक्तदाब उतरत असल्याने रात्री बाथरूमला जाताना वयस्कर माणूस पडतो. चाळीतला सामाईक संडास असेल तर सोबत कोणीतरी जावे.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी सीबीडी तेल ‘पूर्णपणे नैसर्गिक’ म्हणून सुचवले आहे. हृदयाची झडप बदलल्यामुळे मी वॉर्फरिन घेतो. चालेल का? – एक निवृत्त शिक्षक, विलेपार्ले

उत्तर : आपण होऊन सुरू करू नये. वॉर्फरिन म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध. त्याचा निचरा यकृतातील ज्या विकरांमार्फत होतो, त्यांना सीबीडी अडवते. परिणामी वॉर्फरिन रक्तात साठते, आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा तपासणीतील आकडा) वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. नैसर्गिक असण्याचा या हिशेबाशी काही संबंध नाही. गुडघ्याच्या झिजेवर सीबीडीचा पुरावा तसाही तोकडा आहे, आणि वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये वेदनेसाठी कॅनाबिनॉइडच्या सर्वसाधारण वापराला दुजोरा देण्याचे नाकारले. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन उतरवणे यांत आपला पैसा व वेळ अधिक सार्थकी लागेल.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलाला फिट येतात. वजन २० किलो. परदेशात यावर गांजापासून औषध निघाले आहे, हे खरे का? – एक पालक, मुलुंड

उत्तर : खरे आहे, पण ते गांजा नव्हे, शुद्ध सीबीडीचे द्रावण आहे. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांसाठी अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली, आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातील झटक्यांसाठी २०२० मध्ये. प्रत्येक फिटवरचे हे औषध नाही. मुलाला कोणत्या प्रकारचा अपस्मार आहे, यावर सारे अवलंबून आहे.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून हिशेब मांडतो. सुरुवातीला दर किलोला २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि आठवड्यानंतर दर किलोला ५ मिलिग्रॅम दोनदा. म्हणजे आठवड्यानंतर आपल्या मुलाला दिवसाला २०० मिलिग्रॅम लागतील. बाजारातल्या ३० मिलिलिटरच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम सीबीडी खरोखरच असले, तरी मिलिलिटरला २० थेंब धरून एका थेंबात २.५ मिलिग्रॅम येते. ‘जिभेखाली पाच थेंब’ म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम! लेनॉक्स-गॅस्टॉच्या मुलावर एवढ्याने परिणाम होण्याची आशा करणे व्यर्थ आहे. उलट मात्रा वाढवावी, तर त्या तेलातील न सांगितलेले टीएचसीही मुलाच्या पोटात जाते. फिटवरच्या नेहमीच्या औषधांपैकी मूल व्हॅल्प्रोएट घेत असेल तर यकृताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात, क्लोबाझाम घेत असेल तर झोपाळूपणा वाढतो. चालू गोळ्या कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून बंद करू नयेत. त्याने फिट थांबेनाशी होऊ शकते.

प्रश्न : महाशिवरात्रीला भांग चालते, मग कायद्याची भीती कशाला? आणि दुबईला मुलाकडे जाताना झोपेसाठी भांगेचे तेल नेता येईल का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात राळ म्हणजे चरस आणि फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा यांवर बंदी आहे, शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच पानांपासून आयुर्वेदिक औषधे बनवता येतात, आणि त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. मात्र पाने सुटली म्हणजे महाराष्ट्रात सगळे मोकळे झाले, असे नाही. भांगेवर येथील दारूबंदी कायद्याचे नियंत्रण असून परवाना लागतो. सणाची प्रथा न्यायालयात परवान्याची जागा घेत नाही.

दुबईला हे तेल अजिबात नेऊ नका, मग त्यासोबत येथील वैद्यांची चिठ्ठी असली तरीही. टीएचसीचा अंशही तेथे चालत नाही आणि प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकते. झोपेची तक्रार जुनी असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा; ते जी गोळी देतील, तीही तेथे नेण्यास परवानगी लागते का, हे मुलाला आधी तपासून पाहायला सांगा.